‘येतो’ नावाचा डाव

शत्रूची अकरा जहाजं दारातून आत घुसली तेव्हा सुप्रजा ताकभात खात होती. मेल्यांना रविवारची दुपारच बरी सापडली! तिनं ताट सरकवलं, हात ओढणीला पुसला, हेडफोन कानांवर चढवला आणि कॉम्प्युटरपुढे बसली.

खेळ इंटरनेटवरचा, अंतराळातल्या आरमारांचा. जगातली सगळी रिकामटेकडी तो खेळतात, असं अम्माचं मत. पण त्या खेळात एका आडबाजूच्या टोकाला सुप्रजाचा तळ होता, आणि तो तिच्या थोरल्या भावानं, सेतूनं, वर्षानुवर्षं खपून बांधला होता. सेतू दोन वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून दारासुरमला म्हणून गेला, तो परत आलाच नाही. तळावरून कुठलंही जहाज सुटलं की त्याचा आवाज वाजे, "येतो गे, अम्मा!" रोज उंबऱ्यावरून ओरडायचा, अगदी तस्सा. गंमत म्हणून भरून ठेवला होता पोरानं. तळ फुटला की आवाजही गेला. या खेळात फुटलेलं परत मिळत नाही.

तो आवाज मोबाइलवर उतरवून घ्यायचं तिच्या कितीदा मनात आलं. पण उतरवून ठेवलेला आवाज म्हणजे गेलेल्या माणसाचा. इथं तो नुसता बाहेर निघालेला होता.

अम्माला, वरलक्ष्मीला, यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या सकाळीही सेतू ‘येतो’ म्हणाला होता, पण आत इडलीचं पीठ वाटायला ग्राइंडर लावलेला, त्याच्या घरघरीत वरलक्ष्मीला ऐकूच आलं नाही. येतो म्हणणाऱ्याला ‘ये’ म्हणायचं, ही त्यांच्या घरची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. ते म्हणायचं राहिलं, आणि बाई दोन वर्षं त्याच एका शब्दापाशी अडकून बसली. अशा बाईला तो आवाज ऐकवायचा कसा? म्हणून हेडफोन.

"सुप्रजा, अकरा आहेत गे!" कानात मध्वेश ओरडला. हा चुलतभाऊ, तिरुविडैमरुदूरला आपल्या घरून खेळत होता. तिसरी त्याची बहीण दिव्यश्री. ती बोलते कमी, नेम धरते जास्त. "समोरासमोर गेलो तर चटणी होईल आपली."

"समोर जायचंच नाही. सेतूअण्णाचा डाव. ‘येतो’."

डाव मध्वेशला पाठ होता, पण आजवर खेळायची छाती कुणाची झाली नव्हती. आत यायला-जायला दार एकच. दारातून जाताना जहाजाचं कवच उतरतं. तेवढा वेळ ते उघडं. तेव्हा आपण आधीच पळ काढल्यासारखं करून दाराबाहेर जायचं आणि खडकांच्या आड इंजिन बंद करून बसायचं. शत्रू मोकळं रान बघून सगळा दारूगोळा तळावर झोकतो, रिकामा होतो, नवा भरायला माघारी फिरतो. तेव्हा दारातच धरायचा. मेख एवढीच की तोवर तळ एकटा मार खाणार. टिकला तर टिकला.

आणि शत्रूला संशय आला तर तो निम्मा दारूगोळा राखून ठेवणार. मग सगळंच मुसळ केरात.

शत्रूचा म्होरक्या साताऱ्याचा शिवप्रसाद. पूर्वी एकदा बरोबर खेळला होता, तेव्हा तमिळ मुलखात टिकलेली यांची जुन्या वळणाची मराठी ऐकून खो-खो हसला होता: "तुम्ही काय बखरीतनं उठून आलात?" सुप्रजाच्या ते डोक्यात बसलं होतं.

तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं बटण दाबलं. "शिवप्रसाद, आम्हांसी झेपायचं नाही. आम्ही येतो."

"या, या! सावकाश या!" तो हसत म्हणाला, आणि त्यानं दाराची वाट सोडली. मराठी माणूस, निघणाऱ्याला दुसरं काय म्हणणार?

जहाजं सुटली. कानात सेतू म्हणाला, "येतो गे, अम्मा!"

दाराबाहेर तिघं अंधारात दडली. तळाच्या कवचाची पट्टी पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होती. हिरवी होती, पिवळी झाली.

"ताई, घर फुटतंय! बघायला तरी या!" शिवप्रसाद डिवचत होता. जवळपास आहेत का, ते चाचपत होता लबाड.

"याच्या तोंडात शेण..." मध्वेश उसळला.

"बटणाला हात लावशील तर बघ! एक शब्द गेला की संपलं."

पट्टी लाल झाली. बारीक होत होत दोऱ्याएवढी उरली. अण्णा, चुकलं रे माझं, तिच्या मनात आलं. तुझं घर उघड्यावर टाकून पळाले. परत फिरायच्या कळीवर तिचं बोट टेकलं. ती तशीच बसून राहिली.

दोरा थांबला. लुकलुकत राहिला, पण हलेना.

दार उजळलं. एक जहाज बाहेर आलं.

"पहिल्याला जाऊ दे," ती कुजबुजली. "तो मागच्यांना ‘या’ म्हणेल."

तो पुढे गेला. मागून बाकीची आली, उघडी, रिकामी, एकामागून एक. दिव्यश्रीनं नेम धरला. पुढं जे झालं त्याला लढाई म्हणायची तर म्हणा.

"अरे, तुम्ही गेला होतात ना!" शिवप्रसाद किंचाळला.

"जातो कोण म्हणालं? येतो म्हटलं होतं. आलो!"

मध्वेशनं आरोळी ठोकली. सुप्रजा ताडकन उठली. हेडफोनची वायर खेचली जाऊन निघाली, ते तिच्या ध्यानातही आलं नाही. तळ उभा होता, पण अर्धा जळलेला. आवाज शाबूत असेल? जहाज सुटल्याशिवाय कळायचं नाही. तिनं जहाज तळाला लावलं आणि लगेच सोडलं.

काहीच नाही. नुसती खरखर.

आणि मग भर खोलीत, मोठ्यानं: "येतो गे, अम्मा!"

मागं भांडं पडलं. सुप्रजानं वळून पाहिलं. दारात अम्मा उभी होती; कॉफी फरशीवर पसरत होती, आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं. सुप्रजाला वाटलं, मेले मी, आता ही कोसळणार.

वरलक्ष्मीनं चौकट घट्ट धरली. पडद्याकडे पाहिलं, पोरीकडे नाही.

"ये रे," ती म्हणाली. "सावकाश ये, राजा."