विजयालक्ष्मीच्या हातचे मोदक

अहो, काय सांगू! माझा एक पाय चुकीचा पडला आणि नऊ वर्षांचा सलोखा धोक्यात आला.

राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरात आम्हां मराठी मंडळींचा गणपती आणि शेजारच्या ब्लॉकातल्या मल्याळी मंडळींचा ओणम, दोन्ही एकाच मैदानावर. बासष्ट साली मांडवाच्या जागेवरून काठ्या निघायच्याच बाकी होत्या. तेव्हा आमचे सेक्रेटरी राजाभाऊ आणि त्यांचे नायरसाहेब यांनी ठरवून टाकलं: बाप्पाचा पहिल्या दिवशीचा नैवेद्य त्यांनी करायचा, त्यांच्या ओणमची खीर आपण. रुसायचं तर खुशाल रुसा, पण मग देव उपाशी!

आणि आज बाप्पाला आणताना, लेझीम खेळता खेळता मी मागे सरकले ती थेट त्यांच्या फुलांच्या रांगोळीत. पहाटेपासून बसून घातलेली हो! नायरसाहेबांची बायको विजयालक्ष्मी, जिला मोदकाच्या कळ्या मी शिकवल्या, ती बघतच राहिली. भांडायलाही थांबली नाही. डोळ्यांना पदर लावून घरात निघून गेली.

"हेमलताबाई, आता कसला नैवेद्य," राजाभाऊ म्हणाले. "आपणच करून घेऊ चटकन."

"बिल्कुल नाही!" मी ओरडलेच. "आपण केला की ते खीर नको म्हणणार, आणि पुढच्या वर्षी मैदानात पुन्हा काठ्या. थांबा जरा!"

थांबा म्हटलं खरं, पण जीव नुसता टांगणीला लागला होता. बाराची आरती. साडेअकरा झाले, पावणेबारा झाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मेले असते तर बरं, असं वाटलं.

आणि आली! विजयालक्ष्मी आली! हातात झाकलेलं पातेलं, डोळे सुजलेले, नाक लाल. आत एकवीस मोदक, कळ्या माझ्यापेक्षा सुरेख.

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिनं हात वर केला.

"अभी चुप. पहले गणपति का काम. झगड़ा आरती के बाद."

आरती झाली, प्रसाद वाटून झाला. मग बाईसाहेब पदर खोचून माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि भर मांडवात अर्धा तास मला झाडलं, निम्मं हिंदीत, निम्मं मल्याळममध्ये. मी मान खाली घालून ऐकत होते, पण आनंदानं हसू काही आवरेना.

"हंसती क्यों है?" ती आणखीच भडकली.

"तू लड़ने आई न," मी म्हटलं, "इसलिए."