जाळीतलं कुंकू

मोटरीनं मान टाकली ती मंगळवारी सकाळी, आणि द्वारकाबाईंनी सगळा दोष स्वतःच्या पदरात घेतला.

त्याला कारण होतं. हर्सूलला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बद्रीनाथांची लाकूड कातायची लेथ आहे. तिच्यावर ते पखवाजाची खोडं काततात. आसपासच्या कितीतरी भजनी मंडळांच्या मांडीवर त्यांच्याच हातचं लाकूड वाजतं. ही लेथ फिरवणाऱ्या मोटरीची पूजा द्वारकाबाईंनी बावीस वर्षं चुकवली नव्हती. देवघर आटोपलं की हळद-कुंकवाचा करंडा घेऊन त्या शेडमध्ये यायच्या. मोटरीच्या मागच्या गोल झाकणाला चेहरा मानून ओल्या बोटानं टिळा लावायच्या, चार अक्षता टाकायच्या, झाकणाच्या जाळीत एक फूल खोचायच्या आणि म्हणायच्या, "चाल माय, माझ्या माणसाला दमवू नको."

यंदा लेकीच्या, सोनियाच्या बाळंतपणाला त्या वेरूळला गेल्या आणि अकरा दिवस पूजा राहिली. परत आल्या आणि तिसऱ्या दिवशी मोटर तापून बंद पडली.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "नातवाच्या मायेत इकडचं इसरले. आता अकरा गुरुवार निरंकार धरते."

"अगं, लोखंड हाय ते. रुसायला ते काय व्याही हाय?"

"धरते म्हणलं ना."

लेथवर गंगापूरकडच्या सप्ताहाचं शिसवी खोड अर्धं कातून अडकलं होतं, त्याचं काही ना काही झालं असतं. पण बद्रीनाथांच्या बायकोला साखरेच्या आजाराच्या दोन गोळ्या चालू. तिनं निरंकार उपास धरायचा म्हणजे खेळ नव्हता. आणि बाईनं एकदा देवापुढं शब्द टाकला की मागं घेणार नाही, हे ते चाळीस वर्षं बघत आले होते. खोट कुठं आहे ते शोधून तिच्यासमोर ठेवलं तरच काही आशा होती.

बद्रीनाथ कीर्तनात पखवाजाच्या अगदी शेजारी बसणारा माणूस. बुवांच्या चालीत मात्रा हलली तरी त्यांची मान थांबते. त्याच कानानं ते कामाला लागले. पट्टा उतरवला आणि लेथ हातानं फिरवून पाहिली. कुठं अडेना, कुठं खरखरेना. मग नुसती मोटर चालू केली. एरवी तंबोऱ्यासारखी घुमणारी मोटर सर्दी झाल्यासारखी कण्हत होती. दहा मिनिटांत तळहात ठेववेना. खोट मोटरीतच होती.

शहागंजला मोटरींची जळकी तार काढून नवी भरून देणारा सांडू मिस्त्री दुपारी मीटर घेऊन आला.

"भाऊ, लाइन बराबर हाय, तिन्ही फेज येतात," तो म्हणाला. "पण करंट लई ओढतीय." त्यानं मोटरीचा दांडा धरून हलवला, तर तो दात हलावा तसा हलला. मग त्यानं मागच्या झाकणाचे स्क्रू काढले आणि झाकण उलटं केलं.

झाकणाच्या आतून अंगठ्याएवढा जाड लालपिवळा थर बसला होता. तेल, भुसा, कुंकू, अक्षता, फुलांचे वाळके देठ, सगळं एक होऊन वाळलं होतं. जाळीचं एक भोक मोकळं नव्हतं.

"बद्रीभाऊ, हिनं श्वास कुठून घ्यायचा? मागचा पंखा ह्या जाळीतून वारा वढतो. त्यो बंद, म्हणून आतली तार भाजली."

"दोनदा तूच भरून दिली की. तवा नाय दिसलं?"

"झाकण कधी आणलं तुमी? नुसतं धड घेऊन यायचे."

ते खरं होतं. कुंकवाचं झाकण घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, असा द्वारकाबाईंचा दंडक होता. दोन्ही वेळा ते देवघराशेजारी फडक्यात गुंडाळून राहिलं होतं.

"आता भरण्यात राम नाय. बेरिंगची बैठक बी गेली. नवीच बसवा," सांडू म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, "वहिनीला मी सांगू?"

"नको. मी सांगतो."

सांगायचं म्हटलं आणि बुधवारची संध्याकाळ झाली. तेवढ्यात नवी मोटर आली. जुन्या मोटरीएवढ्याच ताकदीची, मिनिटाला चौदाशे चाळीस फेऱ्यांचीच, पण दोन बोटं बुटकी. खाली लोखंडी पाट दिला, नवी भोकं पाडली, दोन्ही पुल्यांना दोरी लावून पट्ट्याची रेघ सरळ केली. पट्टा न चढवताच चालू करून पाहिली तर उलटी फिरली. सांडूनं दोन वायरींची अदलाबदल केली आणि ती सुलटी झाली. आता सांगण्यावाचून सुटका नव्हती. उद्या सकाळी करंडा घेऊन बाई येणारच होत्या.

द्वारकाबाई ओसरीवर तूर निवडत होत्या. बद्रीनाथ शेजारी बसले. "अगं, देव कसा हाय, वाऱ्यावाणी. त्याला आपुन कोंडाया गेलो तर..."

"पूर्वरंग पुरे. मोटरीला काय झालतं ते सांगा."

त्यांनी झाकण तिच्यापुढं उलटं ठेवलं आणि सगळं सांगितलं. काही झाकलं नाही.

बाईंनी नखानं एक अक्षत खरवडून काढली. ती तळहातावर ठेवून पाहिली.

"म्हंजे मी नव्हते म्हणून नाय बिघडली."

"नाय."

"मी व्हते म्हणून बिघडली."

बद्रीनाथांनी सुपातली तूर उगाच हलवली.

बाईंनी तो थर बोटांनी फोडला, चुरगाळला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "यात कुंकू चिमूटभर हाय. बाकी समदा भुसा. कुंकू माझं, मान्य. भुसा कुणाचा?"

"...माझा."

"बावीस वर्षांत हे झाकण उघडून एकदा तरी झाडलं?"

"नाय."

"मग दोघांनी मिळून कोंडली म्हणा तिला. एकट्या माझ्या नावानं कशाला?" त्यांच्या गालाला खळी पडली. दोन दिवसांत ती दिसली नव्हती.

बद्रीनाथांनी जीव मुठीत धरून विचारलं, "मग त्या गुरुवारांचं?"

"शब्द दिलाय देवाला, त्यो कसा मोडायचा?" द्वारकाबाई सूप उचलत म्हणाल्या. "पण उपासानं हिला वारा लागत नाय. उद्या गुरुवारच हाय. मी टिळा खाली लेथच्या पायाला लावीन. तुमी झाकण उघडून ब्रश मारायचा. अकरा गुरुवार. चुकला तर बारावा."

"आन् जेवण?"

"वेळेवर जेवीन. तुमचा गुरुवार झाडून झाल्यावर."

दुसऱ्या दिवशी सहालाच बद्रीनाथ ब्रश घेऊन शेडमध्ये हजर होते.