पुस्तकात विसरलेली चिठ्ठी

टेलरबाईच्या घरात सात घड्याळं होती आणि सातही आपापल्या मर्जीची मालक. एक कायम पावणेतीनवर अडून बसलेलं, दुसऱ्याला काटेच नाहीत. सगळी तिच्या बाबांची. बाबा घड्याळजी, घड्याळ उघडायला त्यांना फार आवडायचं, मिटायचं मात्र राहून जायचं. ते जाऊन अकरा वर्षं झाली, तरी घरात कुठून तरी टिकटिक यायची. कान लावला की गप्प!

आणि आता तीच तऱ्हा टेलरबाईची. एक बाही जोडलेली, दुसरी तीन दिवस बेपत्ता. तेही चाललं असतं. पण सोमवारी इस्त्री चालू ठेवून ती बटणं आणायला गेली आणि दुकानात दोऱ्यांचे रंग बघत बसली. परतली तेव्हा खोलीभर धूर, आणि आतल्या खाटेवर तापाने झोपलेली लेक. लेक बचावली, टेबल जळलं. तेव्हापासून टेलरबाईला प्रत्येक खोलीत धुराचा वास येत होता.

माप द्यायला आलेल्या नर्सने ते टेबल पाहिलं. "ताई, हा वेंधळेपणा नसेलही. लक्ष न टिकण्याचा विकार मोठ्या माणसांनाही असतो. आधी नीट वाचा, मग डॉक्टरांना दाखवा."

म्हणून आठवड्याभराने, मंगळवारी दुपारी मायलेकी वाचनालयात उभ्या होत्या.

"स्वतःसाठी हवंय?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"नाही हो, एका मैत्रिणीसाठी."

"ती मैत्रीण मला डबा द्यायला रोज विसरते," लेक म्हणाली.

ग्रंथपालबाई हसल्या नाहीत. मागच्या कपाटातून त्यांनी एक जाडसर पुस्तक काढलं. "नेटवर खरं-खोटं सगळं एकाच रांगेत उभं असतं. यापासून सुरुवात करा. यातली प्रश्नावली भरा, पण निदान डॉक्टरच करतील हं. दवाखान्यांचे नंबर मी शेवटच्या पानावर चिकटवलेत, तेवढे नवे आहेत. बाकी याला चौदा वर्षांत एकाही वाचकाने हात लावलेला नाही."

टेलरबाईने पुस्तक उघडलं आणि वाचतच सुटली. सुरू केलेली कामं. चालू राहिलेली शेगडी. 'आळशी' म्हणून ऐकलेली बोलणी. कुणीतरी खिडकीतून तिच्या घरात डोकावून हे लिहिलं होतं की काय!

तिसऱ्या प्रकरणात एक चिठ्ठी होती. कोपऱ्याच्या घडीत तिळाएवढा स्क्रू. ओळीवरून घसरणारं अक्षर.

'मंगळवार, साडेचार. मनाचे डॉक्टर. विसरायचं नाही.' खाली तीन रेघा.

अक्षर बाबांचं होतं. एका मंगळवारी बाबांनी सगळं घर उलथंपालथं केलं होतं. खण, खिसे, घड्याळांची पोटंसुद्धा. आई ओरडली होती, "अहो, आता काय हरवलं? डोकं?" बाबा हसले होते. काय हरवलं ते मात्र सांगितलं नाही, मरेपर्यंत नाही.

म्हणजे ते हीच चिठ्ठी शोधत होते. खूण म्हणून ती पुस्तकात ठेवली आणि पुस्तक परत करून आले. बाबाच ते!

"आई, रडतेस?"

"फोन दे. आत्ताच्या आत्ता."

तिने शेवटच्या पानावरचा पहिला नंबर लावला. गुरुवार, अकरा वाजता. ग्रंथपालबाईंच्या पेनाने तिने वेळ एका कोऱ्या कागदावर लिहिली, खाली रेघ मारली. वाचायचं अजून बरंच होतं. पान हरवू नये म्हणून तिने तो कागद अलगद पुस्तकात सरकवला.

कानाशी टिकटिक झाली. इतक्या जवळ की तिने वळून पाहिलं. मागे फक्त कपाट. इथे घड्याळ नव्हतंच.

"आई!" लेक किंचाळली. "अगं, तू पण तेच करतेयस!"

टेलरबाईने कागद झटक्यात बाहेर ओढला. तिच्या खांद्यावर कामाच्या टाचण्या नेहमीच खोचलेल्या असत. एक काढून तिने कागद छातीवर टोचला, नव्या कपड्यावर माप टोचावं तसा. मग बाबांची चिठ्ठीही शेजारीच टोचली.

रस्त्यावर लोक वळून वळून बघत होते. बघू देत! एका चिठ्ठीची वेळ टळून चौदा वर्षं झाली होती. दुसरीला अजून दोन दिवस होते.