चहाआधीचा अर्धा तास

"अहो, गोळी घेतलीत का?"

"घेतली."

"उपाशीपोटी?"

"नाहीतर काय मेजवानी झोडून घेऊ?"

पलीकडे बायको हसली आणि विषय मिटला. लिफ्टच्या टपावर उकिडवा बसून, फोन खांद्याने कानाशी दाबून, त्याने तारांना ग्रीस लावायचं काम पुढे चालू ठेवलं. गोळी घेतली होती हे खरं. पण पाव खाऊन, चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर. सगळा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला हा माणूस कामात कधी कुचराई करायचा नाही. खोटं बोलायचा ते फक्त या एका गोष्टीत, आणि तेही फक्त तिच्याशी.

ती तीन महिन्यांसाठी म्हणून लेकीकडे परदेशात गेली, त्याला आता दोन वर्षं होत आली. लेकीचा नवरा अपघातात गेला तेव्हा तिच्या पोटात बाळ होतं. बाळ जन्मलं ते हृदयात छिद्र घेऊनच. लेकीला नोकरी सोडणं शक्य नव्हतं, बाळाला परक्या हातात देणंही शक्य नव्हतं. मग आजी राहिली. "आता येतेच," असं ती सुरुवातीला म्हणायची. पुढे म्हणेनाशी झाली, आणि तोही विचारेनासा झाला.

छातीत जळजळ आणि पोटात जखम, हे दुखणं ती इथे असतानाच निघालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उठल्याबरोबर गोळी पाण्याबरोबर अख्खी गिळायची, चावायची नाही, आणि अर्धा तास काही खायचं नाही. तेव्हापासून ती गोळी आणि पाण्याचा पेला त्याच्यापुढे ठेवायची आणि स्वतःही चहाला थांबायची. "तुम्ही उपाशी आणि मी घोट घेत बसू? बरं दिसतं का ते?" मग खिडकीशी दोघं बसायची. बोलणं काय, कुणाचं कोणाशी बिनसलं, नळाचा वॉशर बदलायला हवा, लेक लहानपणी कशी दातओठ खायची. संसारात इतकी वर्षं त्यांना निवांत बोलायला सवड मिळाली नव्हती. ती या दुखण्याने मिळवून दिली.

ती गेल्यावर तोच अर्धा तास त्याला खायला उठला. स्टोव्ह बंद, समोरची खुर्ची रिकामी, आणि घर इतकं गप्प की आपलंच गिळणं ऐकू यावं. मग तो उठल्याउठल्या चहा टाकू लागला. गोळी आठवेल तेव्हा घ्यायची. कधी विसरायची, कधी जळजळ वाढली की दोन एकदम. त्यात गुडघा धरला. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून त्याने दुखण्याच्या गोळ्या आणल्या. पोटाचं काही औषधवाल्याने विचारलं नाही, आणि यानेही सांगितलं नाही. गुडघ्याला आराम पडला. अधूनमधून म्हणता म्हणता त्या रोजच्याच झाल्या.

मग शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं. खाण्यातलं काही असेल म्हणून त्याने कानाडोळा केला. एका सकाळी गच्चीवरच्या लिफ्टच्या मोटरच्या खोलीत वाकला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. कामावरच्या जोडीदाराने सावरलं म्हणून डोकं फुटलं नाही.

इस्पितळात घशातून नळी घालून पाहिलं, तर पोटातली जुनी जखम वाहत होती. तिथेच ती बंद केली, रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई खाटेशी येऊन बसल्या.

"गुडघ्याच्या गोळ्या घेत होता?"

"घ्यायचो. पण पोटाची गोळी चालूच होती ना."

"कशी घ्यायचात?"

त्याने सांगितलं. का ते मात्र नाही सांगितलं.

"असं करून नाही चालणार, काका. पोटाच्या गोळीने जखम भरायची, आणि त्या दुखण्याच्या गोळ्यांनी ती उकरायची. यापुढे मला विचारल्याशिवाय दुखण्याची एकही गोळी नाही. दुसऱ्या कुठल्याही औषधासाठी गेलात तर आधी पोटाचं सांगायचं. आणि परत काळं दिसलं तर वाट न बघता सरळ इथे यायचं. ही गोळीसुद्धा मी सांगेन तितकीच. आपल्या मनाने वाढवायची नाही, बंद करायची नाही. घरी लक्ष द्यायला कोण आहे?"

"आहे," तो म्हणाला.

त्या गेल्यावर जोडीदार फोन काढत उठला. "दादा, वहिनींना कळवतो."

जोडीदार दारापर्यंत गेला. नुसतं गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. ती मिळेल त्या विमानाने आली असती. पण आठ दिवसांवर नातवाचं ऑपरेशन होतं.

"अरे, नको," त्याने हाक मारली. "मीच सांगेन."

घरी आल्यावर सकाळी तिचा फोन आला. तिकडे संध्याकाळ होती.

"आवाज का असा खोल गेलाय तुमचा?"

बाहेरगावच्या कामाची थाप जिभेवर तयार होती. पण त्याने सगळं सांगून टाकलं. पाव, चहा, गुडघा, रक्त. सांगताना खिडकीकडच्या खुर्चीकडे तो बघत नव्हता.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी येऊ का?"

हे ऐकायला त्याचे कान दोन वर्षं आसुसले होते. "ये" हा शब्द त्याने किती वेळा एकट्याने म्हणून पाहिला होता. तिच्यामागे बाळ कुरकुरत होतं. थोडं रडलं की त्याला धाप लागायची, ती इथवर ऐकू येत होती.

"बाळाचं होऊ दे," तो म्हणाला. "त्याला आधी उभं कर."

"मग माझ्यादेखत घ्या गोळी."

त्याने कॅमेरा चालू करून फोन चहाच्या डब्याला टेकवून ठेवला, तिला दिसेल अशी गोळी जिभेवर ठेवली आणि पाण्याबरोबर गिळली.

"आता मीही थांबते," ती म्हणाली. "माझा चहा व्हायचाय अजून."

दोघं बसली. तिने लेकीच्या कामाचं सांगितलं, त्याने इस्पितळातल्या बेचव पेजेचं. मध्येच बाळ जोरात रडलं. "थांबा हं," म्हणत ती उठली, आणि फोन बंद झाला.

परत आला नाही. वेळ अजून बाकी होता. स्टोव्हकडे न जाता त्याने आपली खुर्ची खिडकीशी ओढली. समोरच्या गच्चीवर कुणी बाई एकटीच भलीमोठी चादर वाळत घालत होती. एक टोक अडकवावं तर दुसरं उडत होतं.

"वारा आहे आज," तो हळूच म्हणाला.