दोन घोटांचा चहा

"नान उलटा ठेवायचा नाही," असं म्हणत सलोमतने मारिकेच्या हातातली गरम रोटी स्वतःच सुलटी केली. "ओट्यावर बसलेले ते आजोबा बघितलेत? ते मला ओरडतील, तुम्हाला नाही."

मारिके आली होती हॉलंडहून. बाकीचे पाच जण कुठून कुठून. ताश्कंदच्या चोरसू बाजाराच्या मागच्या गल्लीत सकाळपासून त्यांचं चालणं आणि खाणं चाललं होतं. भट्टीतले सोमसे झाले, घोड्याच्या मांसाचे काप घातलेला शेवयांचा नोरिन झाला. तो दोघांनी नुसताच हुंगला. आता शेवटचा थांबा, मिरवली-ओतांचा, म्हणजे मिरवली आजोबांचा, चायखाना.

सलोमतला अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली होती. शाळेत भूगोल शिकवण्यात उमेदीची वर्षं गेली, आणि गेली चौदा वर्षं ती परक्यांना जुन्या ताश्कंदमधून चालवत खाऊ घालत होती. गल्ली ओलांडली की शाळेतल्यासारखी डोकी मोजायची. कुठल्या खांबापाशी कुठला विनोद करायचा तेही ठरलेलं. चहाची गोष्ट निळ्या दरवाजापाशी.

"आमच्याकडे पियाला भरून देत नाहीत," ती म्हणाली. "जितका मान मोठा, तितका चहा थोडा. दोनच घोट ओतले म्हणजे बसा, आम्हाला पुन्हा पुन्हा वाढू द्या. काठोकाठ भरला म्हणजे प्या आणि चालू लागा."

"तुम्हाला कुणी दिलाय असा?" हेल्मुट नावाच्या दातांच्या डॉक्टरने विचारलं.

"छे! माझ्या सुनेचीसुद्धा हिंमत नाही."

सगळे हसले. या जागी सगळेच हसत.

चायखान्याच्या दारात ओतांचा धाकटा मुलगा शुहरत उभा होता. त्याने तिला बाजूला घेतलं.

"सलोमत-ओपा," मोठ्या बहिणीला हाक मारावी तसा तो म्हणाला, "तुम्ही तरी समजवा बाबांना. परवा उकळतं पाणी हातावर घेतलं. म्हणे किटली गळकी! दिसत नाही हे कबूल करायला नको."

"वय झालं की हात कापतो रे. तुझाही कापेल."

"हाताचं असेल तर ठीक आहे. डोळ्यांचं असेल तर नाही. आज मी त्यांच्यावरून नजर काढणार नाही. एकदा चुकले की संपलं, उद्यापासून घरी. नवव्या मजल्यावर लिफ्ट आहे, टीव्ही आहे. काय कमी आहे त्यांना?"

शुहरत वाईट मुलगा नव्हता. बापाचा भाजलेला हात त्यानेच रात्रभर धरून ठेवला होता. पण ओतांची एक्केचाळीस वर्षं या समोवारपाशी चहाचं पाणी उकळण्यात गेली होती. बायको गेल्यावर चौथ्या दिवशी ते निखारे फुंकायला हजर होते. नवव्या मजल्यावर हा माणूस हिवाळा काढणार नाही, असं सलोमतला वाटायचं.

मंडळी तख्तावर मांडी घालून बसली. ओतांनी रिवाजाप्रमाणे तीनदा चहा पियाल्यात ओतून परत किटलीत घातला. हात अगदी स्थिर होता. मग पहिला पियाला, नेहमीसारखा, सलोमतसाठी. दोन घोट झाले. धार थांबली नाही. अर्धा झाला, वर आला, काठाला लागला, तेव्हा कुठे किटली सरळ झाली. ओतांनी तो तिच्यापुढे सरकवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीचंच प्रेमळ हसू होतं.

मारिकेने हेल्मुटला कोपराने ढोसलं. शुहरतने हातातला ट्रे खाली ठेवला आणि तो तख्ताच्या दिशेने आला. आपला बाप पाहुण्याला काठोकाठ पियाला देणार नाही, सलोमत-ओपाला तर मुळीच नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणजे ही डोळ्यांचीच चूक.

सलोमत ताडकन उठली.

"इतका राग, ओता?" तिचा आवाज अख्ख्या चायखान्यात ऐकू गेला. "काठोकाठ भरून दिलात मला? पाहुण्यांना त्या नव्या कॉफीवाल्याकडे नेलं म्हणून?"

ती आयुष्यात कुठल्या कॉफीवाल्याकडे गेली नव्हती. ओतांचं हसू विरलं. त्यांची बोटं चटईवरून पियाल्यापर्यंत आली, काठावरच्या ओलीला टेकली आणि तिथेच थांबली. शुहरत दोन पावलांवर होता.

"हो," ओता म्हणाले. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "चौदा वर्षं घरच्यासारखी वागवली, आणि हे? पी आणि नीघ. पुन्हा या दारात दिसू नकोस."

शेवटचं वाक्य बोलतानाही त्यांनी पियाल्याच्या काठावरची बोटं उचलली नाहीत.

सलोमतने पियाला दोन्ही हातांनी उचलला. चहा कढत होता. तिने तो उभ्या उभ्या, एक थेंब न सांडता, संपवला. मग उजवा हात छातीवर ठेवून वाकली आणि बूट घालू लागली. एक बूट काही केल्या पायात जाईना.

"बाबा, काय हे!" शुहरत चरफडला. "बाजाराच्या देखत? माफ करा ओपा, हल्ली कुणावरही भडकतात."

"त्यांचं बरोबर आहे," सलोमत म्हणाली आणि डोकी मोजत बाहेर पडली. सहा होती.

त्या संध्याकाळी हेल्मुटने सहलीच्या अभिप्रायात लिहिलं की खाणं उत्तम, पण शेवटी मार्गदर्शक बाईंचा अपमान झाला. सहलवाल्या कचेरीने तो थांबा यादीतून काढून टाकला. आंधळ्या माणसाला उकळत्या पाण्यापाशी बसू दिलं, हे बरं केलं की वाईट, यावर सलोमतने पुष्कळ विचार केला.

आठवड्याने ती नवी माणसं घेऊन त्याच गल्लीतून निघाली. निळ्या दरवाजापाशी चहाची गोष्ट सांगितली. आवाज नेहमीपेक्षा जरा वर चढला होता.

"तुम्हाला कुणी दिलाय असा?" कुणीतरी विचारलंच.

"एकदा," ती म्हणाली.

समोर चायखान्याचं दार उघडं होतं. ओता समोवारपाशी बसले होते. तिचा आवाज ऐकून त्यांनी मान गल्लीकडे वळवली. मग एक पियाला उचलला, अंगठा आत, अगदी तळाजवळ धरला आणि किटली वाकवली. चहा अंगठ्याला लागला तशी धार थांबली. बरोबर दोन घोट. तो पियाला त्यांनी तख्ताच्या कडेला, तिच्या जागी, ठेवला.

"तिथे नाही थांबायचं आपण?" मागून विचारणा झाली.

"नाही," सलोमत म्हणाली. "पुढे चला. पुढे हलवा आहे."