हवापालटाची बॅग

माणसाबरोबरचं ओझं जितकं कमी, तितका त्याचा प्रवास सुखाचा होतो, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. त्या थोर माणसांच्या पिशव्या कोण भरत होतं, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही.

लिफ्टवाल्याच्या घरी पिशव्या लिफ्टवालाच भरायचा.

"झाली बॅग," त्याने चेन ओढली आणि हात झटकले.

"झाली? आत्ता तर भरायला बसला होतात." बारकीने मोबाइलमधून मान वर काढली. बारकी ही त्याची एकुलती एक मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून बारकी. आता ती बापापेक्षा वीतभर उंच होती आणि चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती, पण नाव एकदा चिकटलं ते चिकटलं.

"सवय आहे," तो म्हणाला.

पलंगावर उशांना टेकून बसलेली त्याची बायको बॅगेकडे बघत होती. बारकी उठली, तिने चेन मागे ओढली आणि एकेक वस्तू बाहेर काढू लागली. स्टीलचा पेला. चमचा. चादर आणि तिच्यात गुंडाळलेला टॉवेल. रबरी चपला. समोरून बटणांचे दोन गाऊन. मोबाइल चार्ज करायला लांब वायरचा बोर्ड, कारण कॉटजवळचा प्लग कधीच चालत नसतो. कॉटखालचं कपाट बंद करायला साखळी आणि कुलूप. सगळ्यांत खाली, पाटासारखी, जाडजूड फाईल.

"बाबा," बारकी म्हणाली, "ही दवाखान्याची बॅग आहे."

"मग? बॅग ती बॅग."

"आपण समुद्रावर चाललोय."

"तिथे पाणी प्यायला पेला लागणार नाही का?"

"आणि साखळी कशाला? समुद्र बांधून ठेवायचाय?"

बायको हसली. हसता हसता तिला खोकला आला आणि मग बराच वेळ कुणी हसलं नाही.

चूक तशी साधी होती, पण ती करायला या घरातलाच माणूस हवा होता. गेली काही वर्षं हे कुटुंब दवाखान्याखेरीज कुठेही मुक्कामाला गेलेलं नव्हतं. तेवढ्या मुक्कामात मात्र ते इतकं तरबेज झालं होतं, की शेजारच्या कॉटवरचे नवखे लोक लिफ्टवाल्याला विचारून सामान आणायचे. गाऊन बायकोने स्वतः शिवले होते. पूर्वी ती लोकांचे कपडे लांडे-तोकडे करून द्यायची, त्यामुळे हात चांगला होता. ते गाऊन वॉर्डात एवढे आवडले, की दोघीतिघींनी पडल्या पडल्या मापं दिली. त्यातल्या एकीचा गाऊन न्यायला पुढे कुणी आलं नाही. तो अजून कपाटात होता.

बायकोच्या छातीत पाणी व्हायचं. काढलं की थोडे दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा भरायचं. हा आजार डॉक्टरांनी लिफ्टवाल्याला कागदावर चित्र काढून समजावला होता, पण त्याला तो चित्राआधीच कळला होता. लिफ्टच्या तळाला एक खड्डा असतो. काही इमारतींत त्या खड्ड्यात पाणी झिरपतं. मोटार लावून उपसायचं, सोसायटीला सांगायचं की भिंतीचं काम काढा, सोसायटी म्हणणार बघू, आणि पुढच्या खेपेला पुन्हा मोटार लावायची. तो त्याच्या पोटापाण्याचा धंदा होता.

या वेळी मात्र डॉक्टरांनी मोटारीचं नाव काढलं नव्हतं. पेन बंद करून ते म्हणाले होते, "कुठेतरी फिरवून आणा यांना. जरा हवापालट होईल."

लिफ्टवाला खूश झाला होता. घरी येताना रिक्षात म्हणाला, "बघ, बरं दिसत असेल काहीतरी, त्याशिवाय का फिरायला सांगतील?"

"डॉक्टर औषध बदलतात तोवर ठीक असतं," ती बाहेर बघत म्हणाली. "हवा बदला म्हणाले, म्हणजे औषधं संपली."

"तुझं काहीतरीच."

"बरं, माझं काहीतरीच. पण समुद्रावर जायचं. आणि पेशंट म्हणून नाही यायची मी. माणसासारखी येईन."

तेवढी एकच अट होती. बॅग त्या अटीवर नापास झाली होती.

तर आता रिकामी बॅग मध्ये आणि तिघं भोवती, अशी परिस्थिती होती. सहलीला जाणारे लोक बरोबर काय नेतात, हे तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

"कमी सामान न्यायचं," बारकी मोबाइलमध्ये बघून म्हणाली. "ही बाई सांगतेय, कपड्यांच्या घड्या घालायच्या नाहीत, गुंडाळ्या करायच्या. जागा वाचते."

"आणि वाचलेल्या जागेत काय भरायचं?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"ते नाही सांगितलं."

गुंडाळ्या झाल्या. बारकीने दुकानातून आईसाठी काळा गॉगल आणला होता, तो ठेवला. उन्हाचं क्रीम ठेवलं. बायको म्हणाली, "सिनेमातल्या बायका समुद्रावर टोपी घालतात. मोठ्या काठाची."

"तुला टोपी?" लिफ्टवाला म्हणाला.

"का, डोकं नाही मला?"

तो ज्या इमारतींच्या लिफ्ट बघायचा, त्यांतल्या एकीच्या तळमजल्यावर टोप्या, छत्र्या आणि पट्ट्यांचं दुकान होतं. संध्याकाळी तो तिथे गेला. दुकानदार स्टुलावर बसून माश्या मारत होता.

"बायकांची टोपी. गवताची असते ती."

"कुठे निघालात?"

"समुद्रावर. सहकुटुंब," लिफ्टवाला म्हणाला. हे वाक्य त्याने जन्मात कधी उच्चारलं नव्हतं. उच्चारल्यावर ते त्याला फार आवडलं, आणि ते आणखी थोडा वेळ दुकानात राहावं म्हणून तो माप बघत बसला. ही घट्ट होईल का, तिचे केस आता विरळ झालेत, ही सैल होईल का, वाऱ्याने उडेल का. एकेक टोपी त्याने स्वतःच्या डोक्यावर चढवून आरशात पाहिली. दुकानदाराने एकही आडवा शब्द काढला नाही. शेवटी एक पसंत पडली. निळ्या फितीची.

घरी टोपी बॅगेत गेली आणि चेन बसेना.

लिफ्टमध्ये वजन जास्त झालं, की घंटी वाजते आणि सगळ्यांत शेवटी आत आलेला माणूस खाली मान घालून बाहेर पडतो. तो कितीही किडकिडीत असो, आणि आधीपासून आत कितीही दांडगी मंडळी उभी असोत. हा नियम यंत्रात नाही. यंत्राला कोण आधी आलं ते कळत नाही. पण लिफ्टवाल्याने इतकी वर्षं हेच पाहिलं होतं, म्हणून पिशव्यांनाही तो तेच लावायचा. त्याने टोपी काढून बाजूला ठेवली.

"टोपी का काढली?" बायकोने विचारलं.

"शेवटी आली ना."

"आधीपासून ठाण मांडून कोण बसलंय, ते बघा की."

बारकीने हात घातला. गुंडाळ्यांच्या खाली, तळाशी, फाईल होती. सगळं उपसून पुन्हा भरताना त्याने ती सगळ्यांत आधी सारली होती.

"अगं, असू दे. कुठे दुखतंय तिला?" तो म्हणाला.

"फाईल येणार असेल तर मी येत नाही."

"फाईलशिवाय कसं जायचं?"

"लोक जातात तसं. लोक काय एक्स-रे काखेत मारून समुद्र बघतात?"

त्याने बारकीकडे पाहिलं. बारकीने छताकडे पाहिलं. मग त्याने फाईल काढून कपाटावर ठेवली आणि टोपी आत ठेवली. चेन बसली. बॅग उचलून बघितली तर इतकी हलकी, की त्याला काहीतरी राहिल्यासारखं वाटलं. घरातून निघेपर्यंत ती त्याने कधी या, कधी त्या हाताने उचलून बघितली.

गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होता. सकाळी टॅक्सी खाली येऊन उभी राहिली, तेव्हा बारकी खुर्ची घेऊन पुढे झाली. जिन्याच्या प्रत्येक वळणावर खुर्ची मांडायची, आईने बसायचं, उठायचं, की पुढच्या वळणावर. ठेवणीतले कपडे घालून, ओठांना किंचित रंग लावून ती उतरत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार किलकिलं केलं.

"पुन्हा ॲडमिट का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही. फिरायला चाललोय," बायको खुर्चीवरून म्हणाली. तिचा आवाज एरवीपेक्षा मोठा होता. दम तिथेच बराचसा खर्च झाला.

टॅक्सी निघाली. तिने गॉगल लावला. रस्ते रोजचेच होते, पण ती काच खाली करून सगळं बघत होती. भंगाराचं दुकान, पेट्रोल पंप, कुठल्या तरी शाळेची भिंत. लिफ्टवाला पुढे ड्रायव्हरशेजारी होता. मांडीवर बॅग. त्याचं लक्ष आरशात होतं.

मोठ्या चौकात सिग्नल लाल होता. तिथून डावीकडे गेलं की शहराबाहेरचा रस्ता, उजवीकडे दवाखाना. हा चौक त्या तिघांनी कधी डावीकडे ओलांडला नव्हता.

"आई?" मागून बारकी म्हणाली. "आई, पाणी हवंय?"

बायकोने मान हलवली. तोंड उघडं होतं आणि खांदे वर-खाली होत होते. ओठांच्या रंगाखालून दुसराच रंग दिसायला लागला होता.

"साहेब," ड्रायव्हर हळू आवाजात म्हणाला, "बाई बऱ्या दिसत नाहीत."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्यांनी हॉर्न लावले.

"थोडं... पुढं तरी," बायको म्हणाली.

लिफ्टवाल्याने आरशात पाहिलं. मग समोर पाहिलं. "उजवीकडे घ्या," तो म्हणाला.

टॅक्सी वळली. दवाखान्याची कमान दिसली तेव्हा मागून तिचा आवाज आला, तुटत तुटत, पण स्वच्छ.

"अहो, बॅग ती नाहीये."

दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवरच्या माणसाने मान वर न करता हात पुढे केला. "फाईल."

"घरी आहे," लिफ्टवाला म्हणाला.

आता त्या माणसाने मान वर केली. तो लिफ्टवाल्याला ओळखत होता. दुसऱ्यांचे कागद कुठल्या खिडकीवर द्यायचे, हेही लिफ्टवालाच लोकांना सांगायचा. "तुमची? घरी?"

"फिरायला निघालो होतो."

फाईल नसल्यामुळे नव्या मुलाने, म्हणजे कोवळ्या मिशांच्या डॉक्टरने, सगळं पहिल्यापासून विचारलं. नाव, वय, काय होतंय, कधीपासून. इतकी वर्षं तिला हे कुणी विचारलं नव्हतं. सगळे फाईललाच विचारायचे. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून ती म्हणाली, "तशी काही तक्रार नाही."

वॉर्डात मोठ्या सिस्टरनी बॅग उघडली. गुंडाळ्या, क्रीम, वाळूत घालायच्या सँडल. त्या थोडा वेळ बघत राहिल्या.

"गाऊन नाही आणले या वेळी?"

"मी घरून दुसरी बॅग घेऊन येते," बारकी म्हणाली. ती दारापर्यंत गेलीसुद्धा.

"नको." आईने हात वर केला. "हीच राहू दे. त्या बॅगेला सांग, आम्ही गावाला गेलोय."

कॉटच्या बरोबर वर ट्यूबलाइट होती. दिवसासुद्धा चालू असायची, कारण तिचं बटण कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. बायको डोळे मिटून घेत होती, उघडत होती. मग तिने लिफ्टवाल्याकडे बघून डोक्याभोवती बोट फिरवलं. त्याला लगेच कळलं. त्याने टोपी काढली, उशी थोडी पुढे ओढली आणि ती तिच्या डोक्यावर नीट बसवली. काठाची सावली तिच्या नाकापर्यंत आली.

"ऊन फार आहे इथे," ती म्हणाली.

"हो ना," तो म्हणाला. "पण वारा बरा आहे."

पंखा किरकिरत फिरत होता. समोरच्या कॉटवरची बाई टक लावून बघत होती. मोठ्या सिस्टर हातात ट्रे घेऊन आल्या आणि थबकल्या.

"राउंडच्या आधी काढा हं," त्या म्हणाल्या. मग ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या, "दुसऱ्या कॉटा आधी घ्यायला सांगते डॉक्टरांना. यांना शेवटी बघतील."

ती तशीच होती, टोपी घालून, पाय एकमेकांवर टाकून. शुद्ध होती तोवर तिने ती काढू दिली नाही. नंतर लिफ्टवाल्यानेही काढली नाही. पुढे मास्कचा पट्टा बसेना, तेव्हा सिस्टरनी काढली.

बाप-लेक दोघंच घरी आली, तेव्हा बॅगेत टोपी होती, गॉगल होता आणि क्रीम होतं. क्रीमचं झाकण उघडलेलं नव्हतं. कपाटावरची फाईल बारकीने उचलली, ती कुठे ठेवायची ते तिला सुचेना, म्हणून पुन्हा कपाटावर ठेवली.

पुढे एकदा टोप्यांच्या दुकानाच्या इमारतीची लिफ्ट अडकली आणि लिफ्टवाल्याला बोलावणं आलं. काम संपवून, हात पुसत तो खाली आला, तर दुकानदार स्टुलावर होता.

"काय हो, जमली का सहल?"

"जमली."

"आणि टोपी? बसली का बरोबर?"

"बसली," लिफ्टवाला म्हणाला. त्याने हत्यारांची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "अगदी मापाची बसली. जराही हलली नाही."

"बसणारच," दुकानदार म्हणाला. "एकाच मापात येतात त्या."