पाटीवरचं नाव

संध्याकाळी पाच वाजता राज्याच्या विद्यापीठाच्या प्रवेशाचे निकाल आले, तेव्हा रोवेना हॅचर शाळेच्या मैदानावरच्या टपरीत बर्फाच्या पेटीमागे उकिडवी बसली होती. उभं राहून फोन उघडला असता तर शेजारच्या बायकांनी तो तिच्या आधी वाचला असता, म्हणून उकिडवी. लेकीचा पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा पान उघडलं आणि त्यावर लिहिलं होतं, 'आपल्या अर्जाचा विचार मार्च महिन्यात इतर अर्जांबरोबर करण्यात येईल.'

हो नाही, आणि नाही पण नाही. रोवेनाने ते वाक्य चार वेळा वाचलं. कोपऱ्यात कुठे बारीक अक्षरात 'अभिनंदन' राहून गेलंय का ते पाहिलं. नव्हतं.

पेल्हम क्रीकच्या शाळेत बँडची एक जुनी रीत होती. नोव्हेंबरातल्या ज्या शुक्रवारी लवकरच्या प्रवेशाचे, म्हणजे मार्चची वाट न पाहता आधीच अर्ज करणाऱ्यांचे, निकाल यायचे, त्याच शुक्रवारी हटकून फुटबॉलचा सामना असायचा. बँडचे मास्तर अबर्नथी साडेचारलाच पोरांचे फोन गोळा करून पेटीत बंद करत. "पोरांच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट राहते," ते म्हणत, "आणि आज तिथे माझी धून राहणार." त्यामुळे पोरं आपापले पासवर्ड आईबापांकडे देऊन जायची. ज्यांना प्रवेश मिळाला त्यांची नावं आईबाप टपरीच्या बाहेरच्या काळ्या पाटीवर खडूने लिहायचे, चिली हॉटडॉग आणि उकडलेल्या शेंगांच्या भावांखाली. मध्यंतरात बँड वाजवून झाला की सामन्याच्या पुढच्या भागात बँडला सुट्टी. पोरं फुकटचा गरम कोको प्यायला टपरीवर यायची आणि पाटी वाचायची. नाव असलं की आरडाओरडा. नाव नसलं की त्या पोराला कोणी काही विचारायचं नाही, फक्त कोको मोठ्या पेल्यात द्यायचा. याला पेल्हम क्रीकमध्ये माया म्हणत. ज्याने ही रीत काढली त्याच्या मुलाला पहिल्या झटक्यात प्रवेश मिळाला असणार, असं रोवेनाला आज पहिल्यांदाच वाटलं.

डेलियाने, तिच्या ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या लेकीने, पासवर्ड देताना बजावलं होतं. "मिळाला असेल तर लिही. नसेल तर नको लिहूस, मला कळेल. पण आई, तोंडाने काही सांगायला येऊ नकोस. तू सांगायला लागलीस की रडतेस, मग मलाच तुझी समजूत काढावी लागते."

"मी कधी रडले?"

"दात काढायचा होता तेव्हा. दात माझा होता."

म्हणजे काम अगदी सोपं होतं. काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं, आणि लेकीला मोठ्या पेल्यात कोको द्यायचा होता.

पण टपरीत मर्ना स्टोकली होती. मर्ना म्हणजे बँडच्या पालकांची अध्यक्ष, सलग सहा वर्षं, आणि तिला गादीवरून खाली खेचायची कोणाची प्राज्ञा नव्हती. तिने यादी काढली, चष्मा चढवला आणि हजेरी घेतल्यासारखी नावं पुकारायला सुरुवात केली. ग्लेनिस पोपच्या कोल्बीला मिळाला होता, हे ग्लेनिसच्या किंचाळण्यावरून पार्किंगमधल्या लोकांनाही कळलं होतं. प्रत्येक होकाराला मर्ना गायीच्या गळ्यातली घंटा वाजवायची. कढईशी उभा असलेला हॉयट लँगफर्ड म्हणाला, "माझ्या ट्रॅव्हिसला नाही मिळाला," आणि बटाट्याचे काप तेलात सोडले. इतकं सरळ. मर्नाने त्याच्या पाठीवर थाप मारली, त्याने मान डोलावली, संपलं.

"रोवेना? डेलियाचं काय?"

रोवेना बर्फाच्या पेटीमागून उठली. गुडघे कटकट वाजले. 'नाही' म्हणायला ती तोंड उघडतच होती. खरंच उघडत होती. पुढे ती स्वतःला हे पुन्हा पुन्हा सांगणार होती. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून ग्लेनिसने आधीच मान वाकडी केली आणि तिचा हात हातात घेतला.

"अगं, जाऊ दे गं बाई. गावातलं कॉलेज काही वाईट नाही. माझ्या दिराने तिथेच दोन वर्षं काढली. आज टायरच्या दुकानात मॅनेजर आहे. आणि खरं सांगू, सगळ्याच मुलींना एवढा ताण झेपतही नाही."

भीक नको पण कुत्रा आवर, अशी रोवेनाची गत झाली. पहाटे पाचला उठून अभ्यास करणारी, चार वर्षं वर्गात पहिल्या दहांत राहिलेली पोर, तिला ताण झेपत नाही? आणि हे कोण म्हणतंय, तर जिच्या कोल्बीला गणितासाठी दोन-दोन शिकवण्या होत्या ती!

"मिळाला तिला," रोवेना म्हणाली.

घंटा वाजली. ग्लेनिसच्या चेहऱ्यावरची दया एका क्षणात गायब झाली, आणि ते बघायला रोवेनाला इतकं बरं वाटलं, की आपण काय केलंय हे कळायला तिला निदान अर्धं मिनिट लागलं असेल. तोवर मर्ना खडू घेऊन बाहेर गेली होती, स्टुलावर चढली होती, आणि तिच्या गोल, मास्तरणीछाप अक्षरात पाटीवर सातवं नाव उमटलं होतं. डेलिया हॅचर.

नुसती गावाशी खोटं बोलली असती तर एक वेळ निभावलं असतं. मार्चमध्ये खरंच मिळाला तर कोण तारखा तपासतंय? पण ती पाटी गावासाठी नव्हतीच. ती डेलियासाठी होती. दोन-अडीच तासांनी पोर मैदानातून येणार, वर बघणार, आणि खडूने लिहिलेलं खरं मानणार, कारण तसंच ठरलं होतं.

पहिल्यांदा रोवेनाने साधी युक्ती केली. "मर्ना, ते नाव पुसशील का जरा? मला वाटतं मीच तिला सांगावं. एकुलती एक आहे."

"आता?" मर्ना हसली. "अगं, प्राचार्य वाचून गेले! आणि तू सांगणार म्हणजे रडणार. डेलियानेच मला सांगितलंय, आईला लांब ठेवा म्हणून."

सामना सुरू झाला. रोवेनाने ठरवलं की पहिली उसंत मिळाली की स्वतः बाहेर जाऊन बाहीने पुसून टाकायचं, मग कोण काय म्हणायचं ते म्हणो. पण पाटी बाहेरच्या भिंतीवर, खिडकीच्या वर. टपरीला दार एकच, मागच्या बाजूला, आणि त्याच्यापुढे एव्हाना कोणीतरी सोड्याचे खोके छातीपर्यंत रचून ठेवलेले. ते हलवायला दोन माणसं हवीत, आणि दोन माणसांना कारण सांगावं लागतं. पुढे खिडकी, खिडकीपुढे रांग. थंडी पडलेली, बाद फेरीचा सामना, निम्मं गाव लोटलेलं. चीज घाला, चीज नको, कांदा वेगळा द्या, शेंगा खारट आहेत का हो? आणि ज्याचा त्याचा डोळा पाटीवर.

"वा, हॅचरबाई! अभिनंदन!"

"थँक यू," रोवेना म्हणाली, आणि हॉटडॉगवर चिलीचा रस्सा ओतला.

चर्चचे पाद्री आले. "देवाची कृपा," ते म्हणाले.

"हो, पाद्रीबुवा, थँक यू," रोवेना म्हणाली. देवाच्या माणसालाही.

जिभेला हाड नसतं म्हणतात. नसेल, पण प्रत्येक 'थँक यू'ने तिच्या गळ्याभोवतीची दोरी एकेक पीळ घट्ट होत होती. एकदा ती खरंच मर्नाकडे वळली. "मर्ना, ऐक, एक सांगायचंय..." मर्ना म्हणाली, "मोहरीचा सॉस संपला का?" आणि रोवेना म्हणाली, "हो." सॉस संपला नव्हता.

सगळ्यांत वाईट हॉयट होता. गर्दी थोडी पांगल्यावर तो कढई सोडून तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. हात पुसत हळूच म्हणाला, "बरं झालं रोवेना. दोघं शिशुवर्गापासून एका बाकावर. एकाचं तरी झालं. मी पोराला सांगेन, डेलियाकडे बघ, मेहनत वाया जात नाही."

"हॉयट, असं नको सांगूस त्याला."

"का?"

आता सांगावं. या एका माणसाला सांगितलं तर चालेल, हा कोणाला बोलणार नाही. तिने श्वास घेतला. हॉयटने मात्र तेवढ्यात डोळे टिपले आणि "कांद्यामुळे" म्हणाला, आणि तिच्याच्याने बोलवलं नाही. त्याच्या दुःखाशेजारी तिचं खोटं फार बारकं आणि फार घाणेरडं दिसत होतं.

मध्यंतर झालं. टपरीच्या पत्र्याआडून बँड ऐकू येऊ लागला. दरवर्षी रोवेना या दहा मिनिटांसाठी काम सोडून खिडकीतून अर्धी बाहेर लटकायची आणि दीडशे पोरांत आपला ट्रॉम्बोन शोधायची. आज ती खाली बघत पेले मांडत राहिली. धून छान वाजत होती. पोरांच्या डोक्यात खरंच दुसरं काही नव्हतं. ती संपूच नये, अबर्नथी मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी, असं तिला वाटत होतं. टाळ्या पडल्या आणि ती संपली.

पोरं आली. लाल कोट, उंच टोप्या काखेत, थंडीने लाल झालेली नाकं. हॉयटचा ट्रॅव्हिस सगळ्यांत पुढे. त्याने पाटी वरपासून खालपर्यंत वाचली, एकदाच. हॉयटने मोठा पेला भरून पुढे केला. "साय जास्त घातलीये," तो म्हणाला. "थँक यू, पपा," पोरगा म्हणाला. दोन्ही हातांनी पेला धरून तो बाजूला झाला, आणि कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. इतकंच होतं ते. इतकंच करायचं होतं.

त्याच्या मागे डेलिया होती.

रोवेनाने तिला वाचताना पाहिलं. ओठ हलत होते. सहाव्या नावाशी ते थांबले, आणि मग पोरीने सातवं नाव वाचलं.

रोवेनाला वाटलं होतं ती ओरडेल. डेलिया ओरडली नाही. टोपी तिच्या काखेतून खाली पडली आणि तिने दोन्ही हात तोंडावर धरले. हातांच्या वर जे डोळे दिसत होते तसे रोवेनाने किती वर्षांत पाहिले नव्हते. त्या डोळ्यांत आनंदाआधी सुटका होती, कोणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून घ्यावं तशी. मग मैत्रिणी तिच्यावर तुटून पडल्या. ट्रॅव्हिसने पेला खाली ठेवून तिला उचलून गरकन फिरवलं. मर्नाने घंटा वाजवायला घेतली. रोवेना तिला थांबवू शकत होती, 'थांबा' म्हणू शकत होती. तिने ते डोळे बघितले आणि ती थांबवू शकली नाही, आणखी थोडा वेळ, एवढाच, असं म्हणत ती बघत राहिली. यासाठी तिने स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही.

"आई!" डेलिया खिडकीशी आली, टाचा उंच करून फळीवर ओणवी झाली आणि तिने आईच्या गळ्यात हात टाकले. "आई, मिळाला! आई!"

तिच्या कोटाला गवताचा आणि पितळेच्या पॉलिशचा वास येत होता. रोवेनाने तोंड तिच्या कानाशी नेलं. "बाळा," ती म्हणाली, "नाही मिळाला. मार्चवर टाकलाय. मी खोटं बोलले. त्या ग्लेनिसने काहीतरी म्हटलं आणि मी बोलून गेले. माझी चूक, सगळी माझी चूक. आत्ता सांगते सगळ्यांना, लगेच सांगते."

लेकीचं अंग तिच्या हातांत आधी सैल पडलं आणि मग ताठ झालं. रोवेनाने मिठी सोडायला हात ढिले केले.

"सोडू नकोस," डेलिया तिच्या मानेत तोंड खुपसून म्हणाली.

"काय?"

"सोडू नकोस मला. सगळे बघतायत. माझं तोंड दिसेल."

रोवेनाने तिला घट्ट धरलं. फळीची कड बरगडीत रुतत होती. मागे ग्लेनिस रडत रडत फोटो काढत होती, "बघा गं मायलेकी," म्हणत होती, आणि रांगेत कोणीतरी दोन चिली हॉटडॉग मागत होतं. मानेवर काहीतरी गरम आणि ओलं लागलं आणि कॉलरच्या आत ओघळलं.

"मी सांगते गं त्यांना," रोवेना कुजबुजली.

"आता सांगू नकोस. ट्रॅव्हिसने मला उचललं, आई. स्वतःचं नाव नसताना उचललं. आता कसं सांगशील?" पोरीने नाक तिच्या खांद्याला पुसलं. "थांब. असंच धर. मी होते नीट."

ती नीट झाली. किती वेळ लागला कोण जाणे. रोवेनाला बरगडी मोडेल असं वाटलं आणि तरी तो वेळ कमीच पडला. मग डेलियाने हात काढून घेतले, कोट खाली ओढला आणि गर्दीकडे वळली. ती हसत होती.

"काय वाटतंय गं, डेलिया?" ग्लेनिसने फोन तिच्या तोंडासमोर धरला. "बोल की, बोल!"

"खूप छान वाटतंय, ग्लेनिसबाई," डेलिया म्हणाली. "हे सगळं माझ्या आईमुळे झालं."